कापसातला उपग्रह

वाशीमहून परत आल्यावर चिपळुणात मला सगळ्यांनी एकच विचारलं, "तिकडे पाहण्यासारखं काय आहे?" मी कुणाला काळी जमीन सांगितली, कुणाला जवसाची चटणी. खरं कुणालाच सांगितलं नाही. म्हणून इथे लिहून काढते आहे.

मी एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. वय एक्कावन्न. हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. गच्चीवर तार बांधायची आणि दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं, असा हा सरकारमान्य छंद. याच छंदातून ओळख झालेल्या आम्ही चौघांनी दोन वर्षं खपून एक उपग्रह बनवला. उपग्रह म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, तसलं काही नाही. आमचा उपग्रह चहाच्या कपाएवढा. ॲल्युमिनियमच्या भंगारातून कापलेलं चौकोनी अंग, सुताराच्या पोलादी मोजपट्टीचे तुकडे लावून केलेला अँटेना, आणि आत बाजारात कुणालाही मिळतील असे सुटे भाग. मोठ्या रॉकेटमध्ये एखाद्या कोपऱ्यात अशा चिमुकल्यांना कधीकधी जागा मिळते, तशी आमच्या उपग्रहाला मिळाली होती. तो सुपूर्द करण्याआधी त्याच्यासारखीच दुसरी पेटी फुग्याला बांधून जमेल तितकी उंच पाठवायची आणि वरच्या थंडीत ती तग धरते का पाहायचं, असं ठरलं.

बॅटरीचं काम माझं होतं. एवढ्या उंचीवर उणे पन्नास अंश असतात, म्हणून बॅटरीला ऊब द्यायला एक छोटा हीटर होता. तो कधी चालू करायचा हे कळायला तांदळाच्या दाण्याएवढा एक तापमापक बॅटरीला चिकटवला होता. त्याच्या तारेला डाख, म्हणजे सोल्डरचा जोड, मी दिला होता. निघायच्या आदल्या दिवशी भिंगातून पाहिलं तेव्हा तो डाख मला निस्तेज वाटला. चांगला डाख चकाकतो. पुन्हा करायला हवा होता. पण पेटी बंद करायची वेळ झाली होती, पिशवी भरायची होती, आणि मी मनाशी म्हटलं, चालेल. बाकीच्या तिघांना मी हे सांगितलं नाही.

वाशीम

आमच्यातले एक, इंगोले सर, वाशीमला शाळेत विज्ञान शिकवतात. फुगा सोडण्याच्या सगळ्या परवानग्या त्यांनीच खेटे घालून मिळवल्या होत्या. दोन वर्षं रोज रेडिओवर आवाज ऐकलेला माणूस मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. आवाज भारदस्त, माणूस अगदी बुटका. बैठकीत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे झेंडूची दोन फुलं आणि बाजूलाच आमच्यासाठी आणलेली हेलियमची नळकांडी.

वहिनींनी जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि तेल सोडलेली जवसाची चटणी वाढली. आमच्याकडे भात पानात पडला नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही. इथे भात सगळ्यात शेवटी, तोही मूठभर. मी तिसऱ्या भाकरीकडे हात नेत होते तेवढ्यात सर म्हणाले, "मॅडम, एक सांगून ठेवतो. सध्या खेड्यापाड्यात ड्रोनची भीती हाये. चोर ड्रोन उडवून घरं पाहून जातात, असं लोक म्हणून राह्यले. अनोळखी माणूस दिसला की घेरतात. मारतात बी."

"अफवा असेल," मी म्हटलं.

"ड्रोनची अफवाच असंन. मारल्याची नाही. माझ्या ओळखीचा एक फेरीवाला दवाखान्यात होता, मी भेटून आलो त्याले."

"आणि आपण उद्या आकाशातून पडलेली पेटी शोधत फिरणार."

"म्हणूनच सांगतलं," सर म्हणाले. "परवानगीचे कागद माझ्या पिशवीत हायेत. पण कागद वाचेपर्यंत समोरचा थांबला पाहिजे ना."

तिसरी भाकर मी घेतली नाही.

अनसिंग

सकाळी अनसिंगजवळ सरांच्या चुलतभावाच्या शेतात पोचलो. सोयाबीन निघून गेलेलं, रान मोकळं. कोकणात नजर कुठेतरी अडते, डोंगराला, नाही तर माडाला. इथे ती अडेचना. चहूबाजूंनी आभाळ थेट जमिनीपर्यंत आलेलं. कुठूनही कुणालाही आपण दिसतो आहोत, असं सारखं वाटत होतं. मी दोनदा मागे वळून पाहिलं. मागे फक्त तुरीचं हिरवं-पिवळं रान होतं.

पेटी थर्माकोलच्या खोक्यात बसवली. खोक्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ही शाळेच्या प्रयोगाची वस्तू आहे, धोका नाही, कृपया फोन करा. फुगा सुटला आणि पाहता पाहता वाटाण्याएवढा झाला. पेटी दर मिनिटाला मोर्सच्या टिकटिकीत आपले आकडे सांगत होती: आतल्या सर्किटच्या पाटीचं तापमान, बॅटरीचं तापमान, आणि उजेड किती आहे ते. मोर्स मला कानाने कळतं, लिहून घ्यावं लागत नाही. हेडफोन लावून मी उभी होते आणि आकडे ऐकत होते. बॅटरी आठ अंश, सात, सहा, मग हीटर चालू, पुन्हा आठ. डाख टिकला होता. दोन तास मी एकही आकडा न चुकवता ऐकलं. फुगा फुटला, पेटीला बांधलेली पॅराशूटची छत्री उघडली, पेटी वाऱ्याबरोबर पूर्वेला मानोऱ्याच्या दिशेने खाली येऊ लागली आणि क्षितिजाआड आवाज बंद झाला.

"जमलं, मॅडम!" सरांनी चक्क टाळी मागितली. मी दिली. आता फक्त पेटी उचलून आणायची, असं आम्हाला दोघांनाही वाटत होतं.

मानोऱ्याच्या पुढे

सरांच्या मोटारसायकलवर मी मागे बसले, कडेवर मूल घ्यावं तसा दिशा शोधायचा सळयांचा अँटेना धरून. मानोऱ्यात चहा घेतला. पोहरादेवीच्या रस्त्याला लागून थोडं पुढे गेल्यावर एका बाभळीत आमची भगवी छत्री अडकलेली दिसली. खाली थर्माकोलचे तुकडे. लिहिलेली बाजू धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उलटी पडलेली. पेटी नव्हती.

"कोणीतरी नेली," सर म्हणाले.

मी हेडफोन लावला. आवाज स्वच्छ आला. पेटी जवळच होती. मी आकडे ऐकले, आणि मला वाटलं आपली ऐकण्यात चूक झाली. एक मिनिट थांबून पुन्हा ऐकले.

पाटी सदतीस. बॅटरी उणे नव्वद. उजेड शून्य.

दुपारचा दीड वाजला होता. ऊन डोळ्यांवर येत होतं. उणे नव्वद या पृथ्वीवर फार थोड्या जागी असेल, मानोरा तालुक्यात नक्की नाही. मी धुऱ्यावर बसले.

"काय झालं?"

"सर, तापमापकाची तार तुटलीय. आपटल्यावर तुटली असणार. तार तुटली की आतल्या सर्किटला वाटतं कडाक्याची थंडी आहे. ते हीटर चालू करतं आणि बंद करतच नाही. बॅटरी तापत चाललीय."

"किती तापंन?"

"उघड्यावर असती तर फार नाही. पण उजेड शून्य आहे. कुणीतरी ती कशात तरी दाबून ठेवलीय. ऊब बाहेर जायला जागाच नाही." मी उठून उभी राहिले. "ही बॅटरी फार तापली तर फुगते. मग पेटते."

सरांनी आजूबाजूला पाहिलं. दोन्ही बाजूंना वेचणी होत आलेली कपाशी उभी होती. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "या दिवसांत इकडच्या घराघरात कापूस भरलेला राह्यते."

हेडफोनमध्ये पुढचा आकडा आला. पाटी एकोणचाळीस.

तांडा

आवाज जिकडे मोठा होत होता तिकडे बंजाऱ्यांचा एक तांडा होता, पन्नासेक घरांचा. अर्ध्या घरांना कुलपं. तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली. मागे राहिलेली म्हातारी माणसं, काही बायका, शेळ्या. आमच्या वाडीत परका माणूस आला की आधी कुत्रं भुंकतं, मग कुणीतरी "कोण पाहिजे?" म्हणून विचारतं. इथे कुत्रीही गप्प होती. दारादारात माणसं नुसती उभी राहून पाहत होती. मी सळयांचा अँटेना घराघराकडे रोखत चालले होते आणि तो कसा दिसत असेल हे मला कळत होतं, पण खाली करता येत नव्हता. पाटी त्रेचाळीस.

"मॅडम, थोडा खाली धरा," सर पुटपुटले.

"खाली धरला तर दिशा कळत नाही."

मागे उभ्या केलेल्या आमच्या मोटारसायकलची किल्ली कुणीतरी काढून घेतली. वळून पाहिलं तर दहा-बारा माणसं आमच्यामागे येत होती. पुढे पागोटं बांधलेले एक म्हातारे गृहस्थ. ते तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, होते, हे पुढे कळलं. दोघांच्या हातात काठ्या होत्या. आपसात ते त्यांच्या बोलीत बोलत होते. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि म्हणूनच ते सगळं माझ्याविषयीच आहे असं वाटत होतं.

"कायले फिरून राह्यले?" नाईकांनी विचारलं. "काय मोजून राह्यले घरं?"

सरांनी कागद काढले. "नाईक, मी वाशीमचा मास्तर हावो. शाळेचा प्रयोग हाये. आमची एक डबी पडली इकडं..."

"ड्रोन?"

"ड्रोन नाही. फुगा."

"फुग्याले एवढी मशीन लागते?" काठीवाल्यांपैकी एकाने माझ्या हातातल्या अँटेनाची सळई धरली. मी सोडली नाही. का सोडली नाही कुणास ठाऊक. खरं तर मला धावत सुटायचं होतं. पाटी सत्तेचाळीस. आकडे आता भरभर चढत होते.

आवाज सगळ्यात मोठा येत होता तो समोरच्या टिनाच्या घरातून. दारात एक साठीची बाई उभी होती. कोपरापर्यंत बांगड्या, कमरेला खोचलेला पदर. माझी नजर तिच्या घरावर थांबलेली तिने पाहिली आणि दाराची कडी लावून ती त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"मावशी," मी म्हटलं, "एक छोटी चौकोनी डबी सापडली का तुम्हाला? लाल दिवा लुकलुकणारी?"

"मले नाही भेटलं काई."

"ती घरात असली तर धोका आहे. तापतेय ती. घर पेटेल."

हे बोलायला नको होतं. बाईचा चेहराच बदलला. "घर पेटवशीन?" ती ओरडली. "नाईक, आयकलं का? घर पेटवून द्यायची धमकी देते मले!"

माणसं एकदम जवळ आली. सरांच्या हातातले कागद कुणीतरी हिसकले. मला मारतील असं वाटलं आणि त्याच वेळी कानात टिकटिक चालू होती, एक्कावन्न, आणि या दोन भीतींपैकी मोठी कोणती ते मला ठरवता येईना. तेवढ्यात बंद दाराआडून तान्हं बाळ रडल्याचा आवाज आला.

"आत बाळ आहे?" मी विचारलं. "कापूस भरलेल्या खोलीत?"

"झोक्यात निजलं," बाई म्हणाली. "तुले काय करायचं?"

मी अँटेना जमिनीवर ठेवला. हेडफोन काढून त्यावर ठेवला. पाच पावलं मागे गेले आणि मातीत बसले. "मावशी, मला घरात येऊ देऊ नका. डबी देऊ नका. माझा हात बांधून ठेवा हवं तर. पण ते बाळ तेवढं बाहेर आणा. फक्त बाळ बाहेर आणा. मग तुम्ही म्हणाल ते."

बाजूच्या पाणी भरायच्या टाकीशी एक तरणी बाई हंडा घेऊन उभी होती. तिने हंडा तिथेच टाकला, पाणी भळभळ सांडलं, आणि धावत येऊन ती दारातल्या बाईला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. ती त्या बाईची सून, ज्योती. नवरा ऊसतोडीला गेलेला, बाळंतपण नुकतंच झालेलं म्हणून ती मागे राहिलेली. सासूला बाजूला सारून तिने कडी काढली आणि बाळ पदरात घेऊन बाहेर आली. बाहेर आल्यावर सासूकडे वळून ती मराठीत, फक्त आईसाठी शब्द त्यांचा ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "याडी, दे ना काढून. चोर असती तर लेकरू बाहेर काढ म्हणली असती का?"

सासूचं नाव धुरपताबाई. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग आत गेल्या.

किती वेळ लागला सांगता येत नाही. त्या बाहेर आल्या तेव्हा पेटी उजव्या हातात धरलेली होती आणि तोंड वेदनेनं वाकडं झालं होतं. "माय वो!" म्हणून त्यांनी ती अंगणात टाकली. पेटीची एक बाजू फुगून फाटली होती. मी ओरडले, "लांब व्हा!" सरांनी चपलेने ती अंगणाच्या मधोमध ढकलली आणि शेणाचं रिकामं घमेलं उचलून तिच्यावर पालथं घातलं. घमेल्याखाली सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला, कडेने पांढरा धूर आला आणि मग एकदम भडका. घमेलं हातभर उडून बाजूला पडलं. बाळ किंचाळलं. काठीवाले दोघे शेळ्यांसकट मागे पळाले. आमची दोन वर्षं तिथे निळ्या-पिवळ्या ज्वाळेनं जळत होती आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

धुरपताबाईंनी मग सांगितलं. सकाळी धुऱ्यावर त्यांना ती लुकलुकताना दिसली. चोरांच्या ड्रोनचा तुकडा असेल असं वाटलं, पण तिथेच टाकून आलं तर गुराखी उचलून नेतील. पोलिसांना सांगितलं तर घरात तरणा माणूस नाही, चौकशीला सुनेला नेतील. म्हणून कापसाच्या ढिगात, अगदी मागे, हात पोचेल तितकी आत दाबून ठेवली. मुलगा आला की त्याला दाखवायची.

"अन् मी त्याच्याजवळच लेकराचा झोका बांधला," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

तळहातावर पेटीचा चौकोन उमटला होता. ज्योतीने त्यावर पाणी ओतलं. किल्ली परत आली, कागद परत आले. कुणीतरी चहा ठेवला. मी हसलेसुद्धा, सरांच्या चपलेचा तळ वितळला होता ते पाहून. तेवढ्यात नाईक दारापाशी गेले आणि नाक वर करून उभे राहिले.

"चहा राहू द्या," ते म्हणाले. "कापूस आतून जळते. वरून पांढरा दिसते अन् मधात विस्तव राह्यते. वास येऊन राह्यला."

मी आत डोकावले. खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत कापसाने भरलेली. शुभ्र, मऊ, निवांत. धूर नाही, ज्वाळा नाही. पण वास होता, चिंधी जळाल्यासारखा, अगदी बारीक. आमच्याकडे आग म्हणजे गवताची गंजी, दुरून दिसते, आरडाओरडा होतो. ही आग दिसतच नव्हती. ती आत कुठेतरी सावकाश पसरत होती आणि वारा लागायची वाट पाहत होती.

"पाणी मारू?" सरांनी विचारलं.

"सगळा कापूस सडंन," नाईक म्हणाले. "हातानं काढा. हळू. वारा लागू देऊ नका."

मग मघाशी आम्हाला मारायला निघालेली माणसं आणि आम्ही दोघं रांगेत उभे राहिलो. कवळाकवळाने कापूस बाहेर येत होता आणि अंगणात पसरला जात होता. पेटी कुठे दाबली होती ते धुरपताबाई दारातून सांगत होत्या, "आणखी आत, उजव्या हातानं, खांबाच्या मागं." सगळ्यात पुढे मी होते. कुणी तसं सांगितलं नव्हतं. कापूस नाकातोंडात जात होता. दर वेळी हात आत घालताना वाटायचं की आता बोटांना लागेल, आणि लागलं नाही की आणखी भीती वाटायची, कारण ते पुढे होतं.

खांबाच्या मागे बोटांना चटका बसला. मी कापूस अलगद बाजूला केला. नारळाएवढा तपकिरी गोळा होता आणि त्याच्या कडेने केसाएवढी लाल रेघ सरकत होती. आवाज नाही काही नाही. माझ्या श्वासाने ती रेघ उजळली. मी श्वास रोखला. मागून नाईकांनी पाण्याने भरलेली बादली पुढे केली आणि मी तो गोळा दोन्ही हातांनी उचलून तिच्यात घातला. तो चर्र वाजला. त्याच्या मागे आणखी एक होता, लिंबाएवढा.

सगळा कापूस बाहेर येईपर्यंत ऊन कललं.

अंगणात तो डोंगरासारखा पडला होता. माझी चार बोटं भाजली होती. धुरपताबाई ओल्या फडक्यात हात गुंडाळून बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "हे असं आपोआप तापते का?"

अपघात झाला, असं मी सांगू शकले असते. तेही खोटं ठरलं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "एक तार मी नीट जोडली नव्हती. त्यामुळे झालं."

"तुले ठाऊक होतं?"

"शंका होती."

"अन् तरी सोडलं वर?"

"हो."

सर माझ्याकडे पाहत होते. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. धुरपताबाई उठल्या, झोक्याची दोरी सोडली आणि तो घेऊन शेजारच्या घरी गेल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तिथूनच आमच्या गटाचं काम पाहणाऱ्या केदारला पुण्याला फोन केला. सगळं सांगितलं, डाखासकट.

"खऱ्या उपग्रहातही ते जोडकाम तूच केलंयस ना?" त्याने विचारलं.

"हो. त्याच दिवशी."

"रॉकेटमध्ये आपल्याला चिकटून दुसऱ्यांचे उपग्रह असणार आहेत."

"म्हणून सांगतेय."

"आता उघडून दुरुस्त करायला, पुन्हा चाचण्या करायला वेळ नाही. जागा सोडावी लागेल."

"सोड," मी म्हटलं. दोन वर्षं चौघांनी खपून मिळवलेली जागा होती ती. फोन ठेवल्यावर सर मोटारसायकलपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. थोड्या वेळाने तसेच न वळता म्हणाले, "मॅडम, भिंगातून पाह्यलं तवाच एक फोन करायचा होता. मी रागावलो नसतो." एवढंच. मग आम्ही वाशीमला परतलो.

दुसऱ्या दिवशी

रात्रभर कापूस अंगणातच होता. शेजाऱ्यांनी ताडपत्र्या, गोधड्या, जे होतं ते त्यावर टाकलं होतं. दव लागलेला कापूस ऊन खाऊन वाळेपर्यंत आम्ही जाऊन पोचलो. माझी गाडी दुपारची होती. सर मला तांड्यावर न्यायला तयार नव्हते. "लोक काय म्हणतीन सांगता येत नाही," ते म्हणाले. मलाही जायचं नव्हतं, पण न पाहता गाडीत बसवेना. रस्ताभर मनात येत होतं की राहिलेली एखादी ठिणगी रात्री वाऱ्याने फुलली असेल, आणि वळण संपलं की काळं पडलेलं टिनाचं घर दिसेल.

घर होतं तसंच होतं. बाळ शेजारच्या ओसरीवर झोक्यात होतं. धुरपताबाई कापसाच्या ढिगापाशी एकट्याच बसल्या होत्या. कापूस आत न्यायला माणसं जमली होती, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

मला पाहून त्या म्हणाल्या, "मले रातभर झोप नाही. डोळा लागला की वास येते."

"मलाही नाही."

"तुले काहून येईन? तुझं घर दूर हाये." मग दुखरा हात मांडीवर ठेवून त्यांनी समोरची जागा दाखवली. "बस इथं. एकेक गाठोडं आत जाईन. आधी तू हात घाल. पार खांद्यापर्यंत. तू थंड हाये म्हणलं की मंग आत नेऊ."

मी बसले. ज्योती धोतराच्या फडक्यात कापूस भरून आणायची आणि माझ्यापुढे ठेवायची. मी भाजलेला हात नको म्हणून डावा हात घालायचे, खांद्यापर्यंत, गाल कापसाला लागेपर्यंत, आणि बोटांनी आत चाचपायचे. दर वेळी आत गारवा असायचा. "थंड आहे," मी म्हणायचे. धुरपताबाई मान हलवायच्या आणि गाठोडं उचललं जायचं. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. दुपारची गाडी चुकली. कुणी लवकर आवरा म्हटलं नाही. मध्ये ज्योतीने भाकर आणि मिरचीचा ठेसा आणून दिला. डावा हात कामाला आणि उजवा भाजलेला, म्हणून तिने तुकडे मोडून माझ्या तोंडात घातले. तोंड जळालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी ठेशाचं आहे असं मी तिला वाटू दिलं.

शेवटचं गाठोडं आत गेल्यावर धुरपताबाई उठल्या आणि घरात एक चक्कर मारून आल्या. वास घेतला असावा. बाहेर येऊन म्हणाल्या, "झोका आजच नाही बांधत आत. दोन दिवस पाह्यतो."

"पहा," मी म्हटलं. "मी फोन करीन रोज."

"कर."

सरांनी मोटारसायकल चालू केली. मी मागे बसले. धुरपताबाई जवळ आल्या, माझी भाजलेली बोटं उलटसुलट करून पाहिली, आपल्या तळहातावरचा चौकोन पाहिला. इकडे कुणी निघालं की "या पुन्हा" म्हणतात. तेच म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्या थांबल्या.

"ये म्हणू का नको ये म्हणू," त्या म्हणाल्या, "मले अजून समजून नाही राह्यलं."